टाकीपाशी उरलेला जोड

१

लोखंडी झाकणाखालून आलेले ते तीन ठोके शत्रुघ्नने ऐकले त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. पण अजूनही दार लावताना, पेटी मिटताना त्याचा हात क्षणभर थांबतो. आतून कुणी ठोकत तर नाही ना, हे तो ऐकून घेतो आणि मगच पुढचं करतो.

तेव्हा तो कुवेतला नवा होता. गावी, संगमेश्वरच्या बाजूला, तो ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचा आणि विहिरींत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायचा. शाळा चौथीपर्यंत झालेली. इथे आल्यावर पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागला. जोडीला फारूक मिळाला. दाभोळचा, दोन वर्षांनी मोठा, हसरा माणूस.

एक दिवस कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका इमारतीच्या खालच्या टाकीत फारूक उतरला होता आणि शत्रुघ्न वर होता. काम संपलं. शत्रुघ्नने पंप वर ओढला, ब्रश मोजले, बादल्या मोजल्या. माणूस मोजायचा राहिला. त्याला वाटलं, फारूक नमाजला गेला. त्याने झाकण ओढून बसवलं आणि पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला निघाला.

ठक. ठक. ठक.

त्यांच्या धंद्यात खुणा ठरलेल्या होत्या. आतल्या माणसाने दोन ठोके दिले तर 'मी आहे, ठीक आहे'. तीन दिले तर 'वर काढ'.

फारूक वर आला, टाकीच्या काठावर बसला आणि आधी पोटभर खोकला, मग पोटभर हसला. म्हणाला, "नावातच शत्रू घेऊन फिरतोस, मग दुसरं काय होणार माझं! अरे, माझी चप्पल दिसली नाय तुला? चप्पल इथं म्हणजे माणूस आत. एवढं ध्यानात ठेव, बास."

त्याने ती पायात घातली. निळ्या पट्ट्यांची रबरी चप्पल. डाव्या पायाचा पट्टा तुटला होता, तो त्याने तांब्याच्या तारेने बांधून घेतला होता.

तेव्हापासून शत्रुघ्नचा नेम झाला. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत उतरणारा माणूस स्वतःची चप्पल तोंडाशी काढतो आणि टाकीसाठीचे वेगळे धुतलेले बूट घालून आत जातो. टाकीच्या तोंडाशी एक जरी जोड असला तरी शत्रुघ्न झाकणाला हात लावत नसे.

फारूक पुढे वयाने थकला, गावी गेला. ज्या वर्षी विमानं बंद होती त्या वर्षी तो वारला. शत्रुघ्नला जाता आलं नाही. फारूकची बायको फखरुन्निसा फोनवर म्हणाली होती, "त्यांची चप्पल अजून दाराबाहेर हाय, भाऊ. आत घ्यायचा धीर होत नाय."  

२

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी तो हवल्ली भागातल्या एका जुन्या चार मजली इमारतीची खालची टाकी धुवायला गेला. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप होती.

कुवेतमध्ये सरकारी पाणी आधी इमारतीच्या खालच्या टाकीत उतरतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाक्यांत चढतं. या इमारतीची खालची टाकी मागच्या अंगणात होती. तीन बाजूंना भिंती, चौथीकडे गल्लीत उघडणारं लोखंडी गेट. अंगणात एक बोराचं झाड, वाळत घातलेल्या चादरी आणि मधोमध टाकीचं चौकोनी तोंड.

इथलं कोडं असं होतं की टाकी धुवावी, क्लोरीन घालावं, पाणी भरावं, नळीत तपासणीचे थेंब टाकून बघावं तर पाणी छान पिवळं होई. म्हणजे औषध आहे. दोन दिवसांनी त्याच पाण्यात तेच थेंब टाकले की पाणी होतं तसंच राही. औषध कुठे जातं, हे कळत नव्हतं. शत्रुघ्नने आयुष्यभर पाण्यात औषध घातलं होतं. औषध उगाच नाहीसं होत नाही. ते कशाशी तरी झुंजत असतं.

प्रीतम सामान उतरवत होता. तिशीतला, लांज्याचा, अंगाने दणकट, कानात कायम गाण्याची वायर. "काका, ह्या टाकीनं आपल्याला पाळलान वाटतं," तो म्हणाला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची विशाखा खाली आली. हवल्लीतच एका दातांच्या दवाखान्यात ती कामाला होती. आज रजा घेतलेली दिसत होती. कडेवर सहा वर्षांची समिधा. एवढी मोठी मुलगी कडेवर, आणि तरी विशाखाला ओझं वाटत नव्हतं. 

"काका, परत?"

"हो, बाई."

"तिसरा महिना आहे हो. बरी होते, चार दिवस शाळेत जाते, की पुन्हा उलट्या नि जुलाब. पिण्याचं उकळून देते, पण दात घासताना, आंघोळीत तोंडात जातंच ना. डॉक्टर म्हणतात पाणी बघा. पाणी मी कुठे बघू?" तिने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "शुक्रवारची तिकिटं काढलीत. साताऱ्याला, आईकडे. नोकरी सोडते म्हणून दवाखान्यात सांगून टाकलंय. हिचा बाबा सुदेश इथे, आम्ही तिथे. त्याला म्हटलं, आता एकत्र राहण्याचं काही बघू नकोस."

"समिधाबाई, काय म्हणता?" शत्रुघ्नने विचारलं.

"आय डोन्ट वॉन्ट वॉटर," समिधा आईच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली.

पाण्याला भिणारं मूल शत्रुघ्नने गावीही पाहिलं होतं, साथीच्या वर्षी. असेच खोल गेलेले डोळे.

"काका, आज नीट होईल ना?"

मागच्या दोन्ही वेळेला तो 'होईल' म्हणाला होता. आज त्याला ते म्हणवेना. "बघतो," तो म्हणाला. "नीट बघतो."

३

प्रीतमने चप्पल काढली. काळी, नवी, अंगठ्याची. बूट घातले, हवेचा पंखा लावला, शिडीने खाली उतरला. शत्रुघ्न पायात गमबूट घालून वर स्टुलावर बसला. नेमाप्रमाणे त्याने काम सुरू करण्याआधीचा फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. टाकीचं तोंड, शिडी, चपलांचा एक जोड.

अंगणात कुणी नव्हतं. गेटला आतून कडी होती. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, पुढच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता.

दर थोड्या वेळाने शत्रुघ्न लोखंडी काठावर दोन ठोके द्यायचा. खालून दोन यायचे. ब्रशाची खरखर, पाण्याची घरघर, पुन्हा दोन ठोके. साडेबाराच्या सुमाराला प्रीतम वर आला, बूट काढून पिशवीत घातले, चप्पल पायात सरकवली आणि नळावर तोंड धुवायला गेला.

शत्रुघ्नने पंप वर ओढला. ब्रश मोजले. बादल्या मोजल्या. झाकणाला हात घातला आणि खाली बघितलं.

टाकीच्या तोंडाशी चपलांचा एक जोड होता.

त्याने आधी प्रीतमच्या पायांकडे बघितलं. काळी चप्पल पायातच होती. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. गमबूट. मग पुन्हा त्या जोडाकडे. रबरी, झिजलेल्या, पायाचा आकार पडलेल्या चपला. टाचा टाकीकडे, तोंडं बाहेर. वर आल्यावर पटकन पायात घालता याव्यात म्हणून आत उतरणारा माणूस अशाच काढून ठेवतो. आणि त्या ओल्या होत्या.

"प्रीतम, या कुणाच्या रे?"

"हारिसच्या असतील. नायतर कुणाच्या वरनं पडल्या असतील, वाळत घातलेल्या."

वरून पडलेल्या चपला अशा शेजारी शेजारी पडत नाहीत. पण हे शत्रुघ्न बोलला नाही. तो उठला, पुढच्या दाराशी जाऊन हारिसला विचारून आला. हारिसच्या पायात बूट होते, आणि मागच्या अंगणात आज कुणी गेलं नाही असं तो म्हणाला.

परत येऊन शत्रुघ्न वाकला. डाव्या चपलेच्या पट्ट्याला काहीतरी चकाकत होतं. तो अजून वाकला असता तर ते काय आहे ते त्याला दिसलं असतं. तो वाकला नाही. त्याने झाकण होतं तिथे ठेवलं आणि स्टुलावर बसला.

"काका? पाणी सोडायचं ना?"

"नाय."

४

हारून एक वाजता आला. तो त्यांचा सुपरवायझर. रत्नागिरीचा, चाळिशीचा, जिभेने तिखट आणि मनाने बरा. रोज सहा इमारती सांभाळायच्या म्हणून तो चालताना सुद्धा पळत असे.

"काय वो काका, झालं तर सोडा की पाणी! गच्चीवर जेवढं शिल्लक हाय तेवढ्यावर अख्खी बिल्डिंग चाल्लीय. घराघरातनं फोन येतायत मला."

शत्रुघ्नने बोट दाखवलं.

"चपला. बरं मग?"

"कुणाच्या ते कळत नाय. कुणी आत असलं तर?"

हारूनने मोबाईलचा उजेड टाकीत टाकला, वाकून बघितलं. "आत एक खांब नि चार भिंती. माणूस काय भिंतीला पालीसारखा चिकटून बसलाय? का चपलांनाच विचारू, बाई तुमचा मालक कुठाय म्हणून?"

प्रीतम हसला. शत्रुघ्नही थोडंसं हसला. मग शांतपणे म्हणाला, "हारून, तीस वर्षांत मी कधी कंपनीचं काम अडवलंय काय?"

हारूनने पायाने चपला बाजूला सारायला म्हणून पाय उचलला. शत्रुघ्नने त्याच्या गुडघ्याला हात लावला, आणि त्या हातात असं काहीतरी होतं की हारूनने पाय खाली घेतला.

"सकाळचा फोटो बघ," शत्रुघ्न म्हणाला.

हारूनने ग्रुप उघडला. सकाळी आठ वाजता एकच जोड, काळा. त्याने गेटची कडी बघितली. ती आतून लागलेली. तिच्यावर रात्रीची धूळ तशीच होती. भिंतींची उंची बघितली. मग शर्टाला हात पुसत म्हणाला, "असंल बाबा काय ते. एक तास देतो. तासानं मी स्वतः व्हॉल्व्ह उघडणार. चपलेचा मालक पोहत येऊ दे वर."

पण यावेळी कुणी हसलं नाही.

५

शत्रुघ्न बसून राहिला. त्याचं मन त्याला समजावत होतं. म्हातारपण. ऊन. उपाशी पोट. रबरी चप्पल तर जगात सगळीकडे सारखीच मिळते, आणि तुटलेला पट्टा तारेने बांधणारे गरीब लोक या गल्लीत शंभर असतील. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट पटत नव्हती. डोक्यावर मार्चचं ऊन होतं, फरशी तापली होती, प्रीतमच्या बुटांचे ओले ठसे पाच मिनिटांत वाळले होते. आणि चपला ओल्या त्या ओल्याच होत्या.

पावणेदोनला खालून आवाज आला.

ठक. ठक.

प्रीतमने कानातली वायर काढली. "काका. पाइप असंल. गरम झाल्यावर पाइप वाजतो."

"हो," शत्रुघ्न म्हणाला. त्याने ब्रशाचा दांडा घेतला आणि काठावर दोन ठोके दिले. 

थोडा वेळ गेला. मग खालून, सावकाश, ओळखीच्या माणसाने द्यावेत तसे: ठक. ठक.

प्रीतम उठून गेटाशी जाऊन उभा राहिला.

शत्रुघ्नने खिशातून फोन काढला. फखरुन्निसाचा नंबर लावला. काय विचारायचं ते त्याचं ठरलं नव्हतं.

"भाबी, मी शत्रुघ्न. बऱ्या हाव ना?"

"बरी हाय, भाऊ. आज कसा काय फोन? दुपारचा?"

"काय नाय. सहज." तो अडखळला. "फारूकभाईंच्या चपला... हायत अजून दाराशी?"

"हायत की. कुठं जाणार? थांबा, दारातच हाय मी." पावलं वाजली. दार करकरलं.  मागे दाभोळच्या खाडीवरचे कावळे तेवढे ऐकू येत होते.

"भाबी?"

"हायत," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "पण भाऊ, ह्या ओल्या कशानं झाल्या? पाऊस नाय, काय नाय. खाली पाणी साचलंय."

शत्रुघ्नने टाकीच्या तोंडाशी असलेल्या जोडाकडे बघितलं.

"भाऊ, तुम्ही का विचारलंत?"

"सांगतो," तो म्हणाला. "नंतर सांगतो. भिऊ नका. भिण्यासारखं काय नाय, भाबी." आणि हे बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण स्वतःलाच सांगतोय.

६

तो उठला. गमबूट काढले, टाकीचे बूट घातले.

"काका, तुम्ही नका उतरू! गुडघे बघा तुमचे. हारूनभाई येऊ दे."

"पंखा चालू ठेव. काठावर बस. ठोके देत राहा." मग तो थोडा थांबला. "आणि ह्या चपला हलवू नको."

शिडीला नऊ पायऱ्या होत्या. खाली क्लोरीनचा ओळखीचा वास होता आणि त्याच्याखाली, अगदी बारीक, दुसरा एक वास. धुतलेल्या टाकीत तो यायला नको होता. वरचा उजेड चौकोनी पडला होता. त्याच्यापलीकडे खांब, आणि खांबापलीकडे अंधार. आपला श्वास त्याला भिंतींवरून परत ऐकू येत होता. टॉर्च लावून त्याने जमिनीवर फिरवला.

जमीन जवळजवळ वाळली होती. त्या वाळलेल्या जमिनीवर पावलं होती.

बुटांची नाही. अनवाणी, ओली, माणसाची पावलं. प्रीतम आत सबंध वेळ बुटात होता. शिडीपासून ती निघाली होती, खांबाला वळसा घालून मागच्या कोपऱ्याकडे गेली होती. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी, बोटं भिंतीकडे. एखादा माणूस भिंतीला तोंड करून उभा राहावा तशी. आणि तिथून परत फिरलेली नव्हती.

वरून प्रीतमने दोन ठोके दिले. शत्रुघ्नने उत्तर द्यायला हात उचलला. त्याच्या आधी उत्तर आलं. भिंतीतून.

ठक. ठक.

परत फिर, असं त्याचं सगळं अंग म्हणत होतं. त्याने डोळे मिटले. डोळ्यांपुढे आलं ते समिधाचं आईच्या खांद्यात खुपसलेलं तोंड. मग तो त्या पावलांच्या शेजारून, त्यांच्यावर पाय न देता, कोपऱ्यापर्यंत गेला आणि भिंतीवर तळहात टेकवला.

बाकीची भिंत गार होती. तेवढी तळहाताएवढी जागा ऊन होती. पलीकडून कुणीतरी हात टेकवून उभं असावं तशी.

त्याने हात काढला नाही. किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. इमारतीत वर कुठेतरी दारं वाजू लागली. मुलांचे आवाज. शाळा सुटून पोरं घरी येत होती. एक फ्लश ओढला गेला, मग दुसरा, मग वरून खालपर्यंत पाणी धडधडत गेलं. आणि त्याच्या हाताखाली, भिंतीच्या तळाशी, सिमेंटच्या एका खपलीमागून पाण्याची काळसर रेघ बाहेर आली. बारीक. करंगळीएवढी. ती त्या दोन पावलांच्या मधून वाहत गेली.

तो दुसरा वास आता टाकीभर झाला.

शत्रुघ्नला तिथे, अंधारात, रडू आलं. दोन महिने ते सकाळी येत होते. पोरं शाळेत, मोठे कामावर, गटाराचे पाइप कोरडे. टाकी धुवायची आणि घाईने भरून टाकायची. एकदा पाणी भरलं की ही रेघ कुणाला दिसणार होती? ती दिसायला टाकी दुपारपर्यंत रिकामी राहायला हवी होती. म्हणजे कुणीतरी झाकण लावू द्यायला नको होतं.

"प्रीतम!" तो ओरडला. "हारूनला बोलाव!"

७

हारून आला, खाली उतरला, तोंडाला रुमाल लावून वर आला.  त्याने व्हॉल्व्हला स्वतःच्या हाताने दोरी बांधून गाठ मारली, कुणी चुकून उघडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने तो कोपरा फोडला. मागे एक जुनी टाकी निघाली. इमारत बांधली तेव्हाची, पुढे बंद केलेली आणि सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली. शेजारून जाणारा गटाराचा पाइप तडकून तिच्यात वर्षानुवर्षं झिरपत होता. वरून पाणी आलं की ती भरायची, आणि जुन्या पाइपाच्या लिंपलेल्या भोकातून जादाचं पाणी पिण्याच्या टाकीत उतरायचं. एवढंच होतं. भोक, पाइप आणि घाण पाणी.

गवंड्याने पहिली वीट काढली तेव्हा शत्रुघ्न टॉर्च धरून शेजारी होता. उजेड आत गेला. काळं पाणी होतं, आणि ते हलत होतं. नुकतंच कुणी त्यातून चालत पलीकडे गेलं असावं तसं. लाटा भिंतीला लागून परत आल्या आणि मग शांत झाल्या. गवंडी बघत नव्हता. शत्रुघ्नने कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी विशाखा खाली आली. तिने फोडलेला कोपरा बघायचा हट्ट धरला. शिडीवरून अर्धी उतरून तिने बघितलं, वर आली आणि बोराच्या झाडाला धरून उभी राहिली.

"हे माझी पोरगी पीत होती?"

"आता नाय पिणार," शत्रुघ्न म्हणाला. "टँकरचं पाणी सरळ गच्चीवर चढवलंय. वरच्या टाक्या काल मी स्वतः धुतल्यात. आठ-दहा दिवस इथलं सिमेंट पक्कं होईपर्यंत खालच्या टाकीचं पाणी कुणालाच नाय." मग थोडं थांबून म्हणाला, "बाई, शुक्रवारची तिकिटं पुढची करता येतात काय, बघा. दहा दिवस. पोरगी बरी नाय झाली तर जा. मी काय बोलणार नाय."

 "या वेळी 'होईल' म्हणताय?"

"या वेळी म्हणतो. होईल."

ते दहा दिवस टाकीच्या तोंडावर फळी होती, झाकण नव्हतं. हारूनने भोवती दोरी लावली. फळीशेजारी तो जोड तसाच होता. मध्ये एक दिवस धुळीचं वादळ आलं. आकाश विटकरी झालं, अंगण, चादरी, बोराची पानं सगळं पिवळट मातीखाली गेलं. दुसऱ्या सकाळी शत्रुघ्न आला तेव्हा सगळ्यावर धूळ होती आणि चपला ओल्या, स्वच्छ होत्या. प्रीतम आता त्यांना वळसा घालून जात असे. एकदा त्याने कानातली वायर काढून हळूच विचारलं, "काका, तुम्हाला भीती नाय वाटत?"

"वाटते," शत्रुघ्न म्हणाला. "पण आपल्यातलाच कुणी आत असला तर घाबरून कसं चालेल?"

८

अकराव्या दिवशी समिधा स्वतःच्या पायांनी अंगणात आली. हातात पाण्याची गुलाबी बाटली, पाठीला दप्तर. आठवडाभरात उलटी नाही, जुलाब नाही. विशाखाने दवाखान्यात पुन्हा रुजू व्हायचं विचारलं होतं आणि त्यांनी ये म्हटलं होतं. समिधाने शत्रुघ्नसमोर बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायली, दाखवून प्यावं तसं.

"अंकल, फिनिश्ड!"

"शाब्बास. अजून पी."

त्या मायलेकी शाळेच्या बसकडे गेल्या. प्रीतमने टाकी शेवटची धुतली, वर आला, चप्पल घातली. पाणी भरायचं तेवढं राहिलं होतं. हारून व्हॉल्व्हशी जाऊन उभा राहिला. दोरीची गाठ त्याने सोडली, पण हात लावला नाही.

"काका," तो तिथूनच म्हणाला, "तुम्ही सांगाल तेव्हा." आणि त्याने प्रीतमला हाक मारून पुढच्या बाजूला नेलं. या माणसाला एवढी समज आहे हे शत्रुघ्नला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

अंगणात तो एकटा राहिला. झाकण त्याने उचलून हातात धरलं. पायाशी टाकीचं तोंड. तोंडाशी तो जोड. आज पहिल्यांदा तो वाकला आणि त्याने नीट बघितलं. डाव्या पट्ट्याला तांब्याची तार होती. चार वेढे, आणि टोक आत मुडपलेलं, पायाला टोचू नये म्हणून.

त्याने काठावर दोन ठोके दिले.

खालून काही आलं नाही.

"बघितली रे," तो टाकीत वाकून हळू आवाजात म्हणाला. "चप्पल बघितली मी. झाकण लावलं नाय. पोरगी बरी झाली. काम झालं, फारूक. ये वर."

टाकीतून भिजून वर आलेला माणूस कपडे पिळतो, अंग पुसतो, तेव्हा वरच्याने पाठ करायची, ही त्यांची रीत होती. शत्रुघ्नने पाठ केली. भिंतीकडे तोंड करून, झाकण पोटाशी धरून उभा राहिला.

शिडी वाजली. सावकाश, एकेक पायरी. त्याने मनात मोजल्या. नऊ. पाणी फरशीवर ठिबकलं. कुणीतरी श्वास सोडला, दमून वर आल्यावर सोडतात तसा. शत्रुघ्न वळला नाही. मग ओल्या रबराचा आवाज झाला. फट्. फट्. फट्. त्याच्या मागून गेला. गेटची कडी निघाली.

आता त्याने मान वळवली. टाकीच्या तोंडाशी नुसती ओल होती. गेट उघडं होतं आणि बाहेर गल्लीत, सकाळच्या उन्हात, एक पाठमोरा माणूस चालला होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर पंचा. डाव्या पायाशी उन्हात काहीतरी चकाकलं. शत्रुघ्नने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तो माणूस कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेला, पाण्याच्या बाटल्यांचे खोके उतरवणाऱ्यांच्या बाजूने पुढे झाला, आणि मागे न बघता वळून निघून गेला.